जर्मन भाषाशिक्षणातील मास्टर्ससाठी अर्ज: तयारीचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

पुण्यामुंबईत जर्मन शिकवणारे अनेक तरुण शिक्षक जर्मनीतील ‘परकीय भाषा म्हणून जर्मन’ या विषयाच्या मास्टर्ससाठी अर्ज करतात. मी गेली काही वर्षे असे अर्ज पाठवण्यापूर्वी वाचून देतो. त्यांत मला दिसते ते असे की अर्जदाराचे जर्मन बहुधा उत्तम असते, पण कामे उलट्या क्रमाने झालेली असतात. आधी परीक्षा दिली जाते, मग विद्यापीठांची यादी होते, मग धावपळ करून कागद गोळा केले जातात आणि आपल्याला नेमके काय शिकायचे आहे हा प्रश्न अंतिम तारखेच्या आदल्या आठवड्यात, ‘हाच विषय आणि हेच विद्यापीठ का’ हे सांगणारे मोटिव्हेशन लेटर लिहायला बसल्यावर समोर येतो. तोपर्यंत त्याचे उत्तर शोधायला वेळ उरलेला नसतो. म्हणून खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होते हे धरून किमान 15 महिने आधी पहिल्या टप्प्याला हात घालावा.

1. आपली पदवी या अभ्यासक्रमाला चालते का, हे सर्वांत आधी पाहणे

जर्मनीत मास्टर्सचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे सर्वाधिक अर्ज वाया जातात. पहिला प्रकार ‘कोन्झेकुटिव्ह’, म्हणजे आधीच्या पदवीच्या विषयावर उभा राहणारा. त्याला जर्मन साहित्य, भाषाविज्ञान किंवा शिक्षणशास्त्र अशा जवळच्या विषयातील पदवी लागते, आणि बहुतेक ठिकाणी त्या विषयाचे ठरावीक श्रेयांक (क्रेडिट्स) पूर्ण झालेले असावे लागतात. दुसरा प्रकार ‘वाइटरबिल्डेंड’, म्हणजे नोकरी करत असलेल्यांसाठीचा. त्याला पदवीनंतर साधारणपणे किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो आणि सरकारी विद्यापीठातही त्याचे शुल्क भरावे लागते.

बी.कॉम. किंवा अभियांत्रिकी पूर्ण करून, बाहेर क्लास लावून सी1 पातळीपर्यंत (ए1 ते सी2 या सहा पायऱ्यांपैकी पाचव्या पायरीपर्यंत) पोहोचलेल्या व्यक्तीचा समज असा असतो की भाषेचे प्रमाणपत्र म्हणजेच विषयाची पात्रता. हा समज चुकीचा आहे. प्रमाणपत्र आपल्याला भाषा येते एवढेच सांगते. भाषेचा अभ्यास आपण एक विषय म्हणून केला आहे, हे पदवीच्या गुणपत्रकातूनच दिसते. अशा व्यक्तीने आधी इथेच, उदाहरणार्थ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे आपल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, किंवा मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात एम.ए. करण्याचा गंभीरपणे विचार करावा. दोन वर्षे जातील हे खरे, परंतु चार वर्षे नकार घेत बसण्यापेक्षा ती सत्कारणी लागतात.

श्रेयांकांबाबत एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडचा एक श्रेयांक साधारण 15 तासांच्या अध्यापनाचा असतो, तर युरोपातील एका श्रेयांकात वर्गातले आणि घरचे मिळून 25 ते 30 तासांचे काम धरलेले असते. त्यामुळे आपण होऊन रूपांतर करून आकडे भरू नयेत. प्रत्येक विषयाचे तास, विषयाचे नाव आणि अभ्यासक्रमाचा सारांश यांचा तक्ता करून द्यावा आणि रूपांतर विद्यापीठावर सोडावे.

गुणांचे रूपांतर मात्र घरी करून पाहायला हरकत नाही, कारण त्यावरून आपण कुठे उभे आहोत ते कळते. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलणारे ‘बव्हेरियन सूत्र’ असे चालते: कमाल गुणांतून आपले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागावे, आलेल्या संख्येला 3 ने गुणावे आणि त्यात 1 मिळवावा. 100 पैकी 62 गुण असतील आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा 40 असेल, तर 38 भागिले 60, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.9 येते. मर्यादा 35 असेल तर तेच 62 गुण सुमारे 2.75 होतात. जर्मनीत आकडा जितका लहान तितका निकाल चांगला, आणि अनेक अभ्यासक्रम 2.5 च्या आसपास रेषा ओढतात.

*तपासणी:* उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा गुणपत्रकावर छापलेली आहे का? नसल्यास विद्यापीठाकडून तसे पत्र आताच मागावे.

2. अभ्यासक्रमाचे नाव न वाचता त्याची मोड्यूल-पुस्तिका वाचणे

लाइप्झिगचे हेर्डर इन्स्टिट्यूट, म्युनिक, येना, बीलेफेल्ड, गीसेन अशा अनेक ठिकाणी हा विषय शिकवला जातो, पण तो सगळीकडे एकसारखा नसतो. ‘डाफ’ म्हणजे परकीय भाषा म्हणून जर्मन: पुण्यातल्या वर्गात, जिथे वर्गाबाहेर जर्मन कानावर पडत नाही, तिथली जर्मन. ‘डात्स’ म्हणजे दुसरी भाषा म्हणून जर्मन: जर्मनीत येऊन राहिलेला माणूस दवाखान्यात, कचेरीत, मुलांच्या शाळेत रोज जिच्याशी झगडतो ती. काही अभ्यासक्रम यांपैकी एकीकडे झुकतात, काही आंतरसांस्कृतिक संवादावर भर देतात, तर काही जवळजवळ पूर्णपणे भाषाविज्ञानाचे असतात. नावात ‘आंतरसांस्कृतिक’ हा शब्द आहे म्हणून आत अध्यापनशास्त्र असेलच असे नाही. साहित्याचाही अभ्यास त्या नावाखाली चालतो.

मोड्यूल-पुस्तिका, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्येक घटकाचे वर्णन देणारी पुस्तिका, प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. ती रुक्ष असते, तरीही पूर्ण वाचावी आणि तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात: अध्यापनाचा प्रत्यक्ष सराव किती आठवडे आहे, प्रबंध वर्गातील निरीक्षणावर आधारता येतो का, आणि प्रवेशासाठी लॅटिन किंवा दुसऱ्या एखाद्या आधुनिक भाषेची अट आहे का. शेवटची अट भारतीय अर्जदारांच्या नजरेतून सर्रास निसटते. मराठी, हिंदी, इंग्रजी यांचा पुरावा जोडून आधुनिक भाषेची अट कित्येकदा पूर्ण होऊ शकते, पण त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रकातील त्या विषयांकडे विद्यापीठाचे लक्ष वेधावे लागते.

पुढे जर्मनीतच स्थलांतरितांच्या वर्गांत शिकवण्याचा विचार असेल, तर तिथल्या एकात्मता अभ्यासक्रमांत, म्हणजे 600 तासिका भाषा आणि 100 तासिका समाजपरिचय अशा नेहमीच्या रचनेच्या वर्गांत, शिकवायला संघीय स्थलांतर कार्यालयाची परवानगी लागते हेही आत्ताच लक्षात घ्यावे. डाफ किंवा डात्समधील पदवीमुळे ती वाट सोपी होते.

चार ते सहा विद्यापीठांपुढे यादी नेऊ नये. बारा ठिकाणी एकच मजकूर पाठवणाऱ्याचे पत्र कुठल्याच ठिकाणाला लागू पडत नाही.

3. वर्गवही ठेवणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. माझ्या मते मात्र बाकी सारी तयारी यावरच उभी असते.

किमान तीन महिने, आठवड्यातून दोनदा, आपल्या वर्गात नेमके काय घडले ते लिहून ठेवावे. आपला वर्ग नसेल तर ओळखीच्या शिक्षकाच्या परवानगीने मागच्या बाकावर बसून निरीक्षण करावे. जर्मनीत याला ‘होस्पिटात्सिओन’ म्हणतात आणि अशा निरीक्षणाच्या तासांचे पत्र अर्जात उपयोगी पडते. वहीत मते लिहू नयेत, घडलेले लिहावे: विद्यार्थी काय म्हणाला, शिक्षकाने काय उत्तर दिले, त्यानंतर काय झाले.

एक उदाहरण जवळून पाहू. ए1 चा वर्ग आहे, विद्यार्थी बहुतेक मराठी माध्यमातले आहेत आणि शिकवणे इंग्रजीतून चालले आहे. फळ्यावर ‘डास मेडशेन’ येते. शिक्षिका इंग्रजीत सांगतात की मुलगी या अर्थाचा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, हे विचित्र आहे, पण पाठ करा. वर्ग हसतो आणि पाठ करायला लागतो. आता त्याच विद्यार्थ्यांना मराठीत विचारावे: आपण ‘ते पोरगं’, ‘ते लेकरू’ म्हणतो की नाही? माणसाला नपुंसकलिंग लावणे त्यांना मुळीच विचित्र नाही, कारण ते रोज तसे बोलतात. मराठीत तीन लिंगे आहेत, जर्मनमध्येही तीन आहेत, आणि मधल्या इंग्रजीत नामांना लिंगच नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात असलेले हत्यार आपण इंग्रजीच्या दारात काढून ठेवायला लावतो.

अर्थात लिंगे जुळतातच असे नाही. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहे, चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण आपला सूर्य पुल्लिंगी आणि जर्मन ‘झोने’ स्त्रीलिंगी. आपली खिडकी स्त्रीलिंगी आणि ‘फेन्स्टर’ नपुंसकलिंगी. मग प्रश्न असा उभा राहतो: मराठी आधाराला घेतल्याने लिंगाची संकल्पना लवकर कळते, की एकेका शब्दाच्या लिंगात जास्त गोंधळ होतो? हा खरा, तपासता येण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो वहीतून निघाला आहे. वाक्यरचनेचेही तसेच आहे. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, ‘वाइल इश म्यूडे बिन’, आणि मराठीतही ‘कारण मी दमलो आहे’ असेच ते शेवटी येते. तरी इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी क्रियापद मधेच घालतो.

आंतरसांस्कृतिक अध्यापनाचे प्रसंगही असेच लहान असतात. वडिलांना चिठ्ठी लिहा, असा सराव दिला की काही विद्यार्थी ‘झी’ हे आदरार्थी सर्वनाम वापरतात. उत्तर चूक म्हणून लाल रेघ मारणे सोपे आहे. पण घरात वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणणाऱ्या मुलाने केलेली ती नेमकी निवड आहे. जर्मन घरात वडिलांना ‘डू’ (तू) म्हणतात याचा अर्थ आदर कमी असा नाही, हे त्याला समजावे लागते, आणि ते व्याकरणाच्या नियमाने समजत नाही. ‘टांटे’ या एका शब्दासमोर आत्या, मावशी, काकू, मामी अशा चार नात्यांची मांडणी करणारी विद्यार्थिनी जो प्रश्न विचारते तोही याच जातीचा आहे.

भाषाशिक्षणाचे ब्रिटिश अभ्यासक मायकेल बायरम यांनी 1997 मध्ये आंतरसांस्कृतिक संवादक्षमतेचे पाच घटक मांडले: दृष्टिकोन, ज्ञान, अर्थ लावून तुलना करण्याचे कौशल्य, प्रत्यक्ष संवादातून नवे शोधण्याचे कौशल्य आणि चिकित्सक सांस्कृतिक जाणीव. आपल्या वहीतला प्रसंग यांपैकी कोणत्या घटकाचा आहे ते ठरवून समासात लिहावे. एका प्रसंगाला एकच घटक लावावा. पाचही लावले तर प्रसंग नीट पाहिलेला नाही असे समजावे.

*सावधान:* वर्गाचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर संस्थेची आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्यावी, विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकांची. वहीत खरी नावे लिहू नयेत.

4. योग्य भाषापरीक्षा निवडणे

इथे फसगत नावावरून होते. ग्योटे संस्थेची (आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनची) सी1 परीक्षा उत्तम आहे, पण अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी ती पुरेशी मानत नाहीत. सर्वसाधारणपणे मान्य असतात त्या परीक्षा अशा: टेस्टडाफ या विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेत चारही भागांत (3 ते 5 पैकी) पातळी 4, जर्मन विद्यापीठे स्वतः घेतात त्या परीक्षेची डीएसएच-2 ही पातळी, टेल्क या परीक्षासंस्थेची ‘सी1 होखशूले’, किंवा ग्योटेची सी2. टेल्कची साधी सी1 आणि ‘सी1 होखशूले’ या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. शिवाय भाषाशिक्षणाच्या काही अभ्यासक्रमांना यापेक्षाही वरची पातळी लागते, कारण उद्या तुम्ही तीच भाषा शिकवणार असता. म्हणून दुसऱ्या टप्प्यातली यादी हातात असल्याशिवाय परीक्षेचे पैसे भरू नयेत.

टेस्टडाफमध्ये तीन भागांत 5 आणि एका भागात 3 मिळाल्यास सरासरी चांगली दिसते, पण ‘प्रत्येक भागात 4’ ही अट असलेल्या ठिकाणी तो निकाल चालत नाही. आपला कच्चा भाग कोणता हे नमुना परीक्षेतून आधी कळून घ्यावे. शिक्षकांचा तो बहुधा लेखनाचा असतो, कारण ते वर्षानुवर्षे ए1 आणि ए2 च वाचत-बोलत असतात.

5. कागद आणि एपीएस

1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. नवी दिल्लीतील एपीएस हे कार्यालय आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का ते तपासते; शुल्क 18,000 रुपये आहे. प्रमाणपत्राला अनेक आठवडे लागू शकतात आणि बऱ्याच विद्यापीठांना ते प्रवेशअर्जासोबतच हवे असते, त्यामुळे प्रवेश मिळाल्यावर बघू असे म्हणू नये. विद्यापीठाचे अर्ज सुरू होण्याच्या किमान चार महिने आधी एपीएसचा अर्ज गेलेला असावा.

महाराष्ट्रातल्या अर्जदारांची खास अडचण नावाची असते. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, आणि शिवाय वेगळ्या रकान्यात आईचे नाव असते. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात जाते. त्यात लग्नानंतर नाव बदललेले असेल तर दहावीच्या, पदवीच्या आणि पासपोर्टच्या कागदांवर तीन वेगळ्या व्यक्ती दिसू लागतात. नाव पासपोर्टप्रमाणेच सर्वत्र भरावे आणि फरक असल्यास राजपत्रातील नोंद, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र इंग्रजी अथवा जर्मन भाषांतरासह जोडावे.

*तपासणी:* प्रत्येक सत्राचे गुणपत्रक आहे का? नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही निकाल जोडले आहेत का? जुना निकाल लपवू नये. एकत्रित ट्रान्स्क्रिप्टमध्ये तो दिसतोच.

6. मोटिव्हेशन लेटर

आता वही उघडावी. पत्र सहसा एक ते दोन पानांचे असते आणि ते स्वतः जर्मनमध्ये लिहावे. माझ्याकडे येणाऱ्या पहिल्या मसुद्यांची सुरुवात बहुधा अशी असते: ‘लहानपणापासून मला जर्मन भाषेची आणि संस्कृतीची आवड आहे आणि आपल्या नामांकित विद्यापीठात शिकणे हे माझे स्वप्न आहे.’ या वाक्यात वाचणाऱ्याला उपयोगी अशी एकही गोष्ट नाही, कारण ते कोणीही, कोणत्याही विद्यापीठाला लिहू शकतो.

त्याऐवजी एका विद्यार्थिनीने शेवटी लिहिलेली सुरुवात, तिच्या परवानगीने आणि मराठीत सांगायची तर, अशी होती: ‘माझ्या ए1 च्या वर्गातील 18 विद्यार्थ्यांपैकी 7 जणांनी वडिलांना लिहिलेल्या चिठ्ठीत झी वापरले. मी ती चूक म्हणून दुरुस्त केली आणि पुढच्या आठवड्यात त्यांतल्या पाच जणांनी शिक्षकालाही डू लिहिले. मी नियम शिकवला होता, निवड शिकवली नव्हती.’ यानंतर तिने दोनच गोष्टी सांगितल्या: हा प्रश्न समजून घ्यायला तिला कोणते ज्ञान कमी पडते, आणि त्या विद्यापीठाच्या कोणत्या दोन मोड्यूलांत ते मिळेल. मला हे पत्र फार आवडले, कारण त्यात स्वतःच्या अध्यापनातील चूक सरळपणे मांडलेली आहे. शिक्षक म्हणून वाढण्याची तयारी यापेक्षा चांगल्या रीतीने दाखवता येत नाही.

पत्राचा क्रम असा ठेवावा: प्रसंग, त्यातून निघालेला प्रश्न, आपण आजवर त्यासाठी काय वाचले आणि करून पाहिले, काय कमी पडते, इथेच का, आणि पुढे काय करणार. बायरम यांचे किंवा 2001 च्या युरोपीय भाषिक संदर्भचौकटीचे नाव घ्यायचे असेल तर ते प्रश्नाला जोडून घ्यावे. वाचन दाखवण्यासाठी घेतलेले नाव लगेच ओळखू येते.

दोन चुका विशेष टाळाव्यात. एक, ‘भारतीय विद्यार्थी असे असतात आणि जर्मन विद्यार्थी तसे’ अशी विधाने. आंतरसांस्कृतिक अध्यापन शिकू पाहणाऱ्याने एका देशाला एका वाक्यात बसवणे त्या विषयाच्या मुळावरच येते. दुसरी, कोणाकडून तरी किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले गुळगुळीत जर्मन. काही ठिकाणी मुलाखत होते, आणि तिथे आपल्याच पत्रातल्या वाक्याचा अर्थ सांगता न येणे फार महाग पडते.

शिफारसपत्र लागत असल्यास ते देणाऱ्या प्राध्यापकांना सहा आठवडे आधी भेटावे आणि वहीतील दोन पाने सोबत न्यावीत. मग त्यांनाही ‘मेहनती व होतकरू’ याच्या पलीकडचे लिहिता येते.

7. अर्ज पाठवणे

अनेक विद्यापीठे परदेशी अर्ज युनि-असिस्ट या मध्यवर्ती संस्थेमार्फत घेतात. एका सत्रासाठी पहिल्या अर्जाचे शुल्क 75 युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे 30 युरो आहे. पैसे जमा झाल्याशिवाय छाननी सुरू होत नाही. हिवाळी सत्राची मुदत कित्येक ठिकाणी 15 जुलै असते, पण युरोपबाहेरच्या अर्जदारांसाठी ती बऱ्याचदा 31 मे किंवा त्याहीपूर्वी संपते, म्हणून प्रत्येक विद्यापीठाची तारीख वेगळी लिहून ठेवावी. युनि-असिस्टकडे आठ आठवडे आधी अर्ज पोहोचला तर त्रुटी दुरुस्त करायला वाव राहतो.

*सावधान:* काही विद्यापीठे युनि-असिस्टकडून ‘व्हीपीडी’ हे पूर्वतपासणीचे पत्र मागतात. ते मिळाले म्हणजे अर्ज झाला असे नाही. ते जोडून विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दुसरा अर्ज मुदतीतच करावा लागतो.

8. पैसे आणि व्हिसा

बहुतेक सरकारी विद्यापीठांत कोन्झेकुटिव्ह मास्टर्सला शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्रशुल्क असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन इथे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. राहण्याखाण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, उघडतात. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे महिना 992 युरो, दाखवावे लागतात. ही रक्कम बदलत असते, त्यामुळे पैसे पाठवण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावी. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्तीचा विचार असेल तर तिची मुदत विद्यापीठाच्या मुदतीच्या कित्येक महिने आधी संपते, आणि शेवटची पदवी मिळून सहा वर्षांपेक्षा जास्त काळ उलटला असल्यास सहसा अर्ज करता येत नाही.

विद्यार्थी-व्हिसावर वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. पहिल्या सत्रात त्या कमाईवर भिस्त ठेवू नये.

महाराष्ट्र आणि गोव्यातील रहिवाशांचे व्हिसाचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. प्रवेशपत्र हाती येताच त्याच दिवशी भेटीची वेळ मिळवण्याच्या मागे लागावे आणि ब्लॉक्ड अकाउंटचे काम समांतर चालू ठेवावे. व्हिसाच्या फाइलमध्ये मोटिव्हेशन लेटरची जी प्रत लावाल ती विद्यापीठाला पाठवलेल्या पत्राशी सुसंगत असावी. मुलाखतीत ‘हाच विषय का’ असे विचारले गेले तर विद्यापीठाला सांगितलेला वर्गातील प्रसंगच तिथेही सांगावा, आणि वर्गवही सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी, कारण पहिल्याच सत्राच्या निरीक्षण-अहवालासाठी ती लागेल.